स्त्रियांच्या स्पर्धेत कोणी खेळावे?



पारलिंगी खेळाडूंना स्त्रियांच्या स्पर्धेत प्रवेश असावा की नसावा, हा वाद गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून आपल्या घरात येऊन पोहोचला आहे. साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. या वादातील निम्मे भांडण शब्दांचे आहे. निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव दिले की चर्चा पुढे सरकत नाही, आणि तो गोंधळ निस्तरणे हे साहित्याच्या घरचेच काम आहे. उरलेले निम्मे भांडण शरीरशास्त्राचे आहे. त्याविषयी एका वैद्यकीय व्यावसायिकाने साध्या भाषेत काही सांगावे, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न हा की, स्त्रियांची स्पर्धा वेगळी का घेतात? कोणाला वाटते ती परंपरा आहे, कोणाला वाटते स्त्रियांना दिलेली सवलत आहे. आकडे पाहिले म्हणजे कारण कळते. १०० मीटर धावण्यात पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, तर स्त्रियांचा १०.४९ सेकंदांचा आहे. उंच उडीत पुरुषांचा विक्रम २.४५ मीटर आणि स्त्रियांचा २.१० मीटर आहे. लांब उडीत हेच आकडे ८.९५ आणि ७.५२ असे आहेत. धावण्यात साधारण दहा-बारा टक्के, उड्यांत त्याहून अधिक, आणि वजन उचलण्यात आणखी अधिक असा हा फरक पडतो. म्हणूनच पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा आणि स्त्रियांचा ४ किलोचा असतो. व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांसाठी २.४३ मीटरवर बांधतात, स्त्रियांसाठी २.२४ मीटरवर. सर्वांची एकच स्पर्धा ठेवली, तर अंतिम फेरीत बहुतेक खेळांत एकही स्त्री दिसणार नाही. पदक, शिष्यवृत्ती, रेल्वेतील किंवा पोलिसांतील नोकरी, गावातला सत्कार, सारे पुरुषांकडे जाईल. तेव्हा वेगळा गट हा उपकार म्हणून दिलेला नाही. तो नसेल तर स्त्रियांचा खेळच उरत नाही.

हा फरक कशातून येतो? लहान वयात मुलगा आणि मुलगी जवळपास बरोबरीने धावतात. मुले वयात येऊ लागली की वाटा वेगळ्या होतात. मुलाच्या वृषणग्रंथी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार करू लागतात. प्रौढ पुरुषाच्या रक्तात ते दर लिटरला साधारण ८ ते ३० नॅनोमोल असते, निरोगी स्त्रीच्या रक्तात २ नॅनोमोलच्या आत. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, मधे मोकळी जागा राहते. या संप्रेरकामुळे उंची वाढते, हाडे जाड होतात, खांदे रुंदावतात, स्नायूंचे वस्तुमान वाढते आणि हिमोग्लोबिनही वाढते. पुढे औषधाने टेस्टोस्टेरॉन उतरवता येते, पण वाढलेली उंची आणि हाडांची चौकट परत लहान होत नाही.

येथपर्यंत फारसा वाद नाही. गोंधळ सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. बातम्यांत दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या खेळाडूंना एकाच दावणीला बांधले जाते.

पहिला प्रकार पारलिंगी स्त्रियांचा. जन्मतः देह पुरुषाचा, नोंद मुलगा म्हणून, पण स्वतःची ओळख स्त्री अशीच. यांपैकी काहीजणी पुढे संप्रेरकांचे उपचार घेतात, काही शस्त्रक्रिया करून घेतात, काही दोन्ही करत नाहीत.

दुसरा प्रकार आंतरलिंगी म्हणजे लैंगिक विकासात जन्मजात भिन्नता असलेल्या स्त्रियांचा. यांनी काहीही बदललेले नसते. जन्माच्या वेळी सुईणीने किंवा डॉक्टरने मुलगी म्हणूनच सांगितलेले असते, बारशाला मुलीचेच नाव ठेवलेले असते. त्यांच्या गुणसूत्रांत किंवा संप्रेरकांत काही वेगळे आहे, हे कित्येकींना स्वतःलाही ठाऊक नसते.

माझ्यासारख्या गावाकडच्या डॉक्टरकडे आया कधी कधी सोळा-सतरा वर्षांची मुलगी घेऊन येतात आणि दबक्या आवाजात सांगतात, "डॉक्टर, हिला अजून पाळी आली नाही." कारणे अनेक असतात. बहुतेक साधी असतात. क्वचित एखादीत गुणसूत्रे एक्स-वाय निघतात, पोटात वृषणग्रंथी असतात, पण पेशींना टेस्टोस्टेरॉनची हाक ऐकूच येत नाही. त्यामुळे देह स्त्रीचाच घडतो. याला संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता म्हणतात. अशा वेळी आमच्या होमिओपॅथीच्या गोळ्या देत बसणे योग्य नाही. हार्मोनच्या तज्ज्ञाकडे पाठवणे आणि आईला धीर देणे, एवढेच आमचे काम. दुसऱ्या एका प्रकारात एक विशिष्ट विकर कमी पडते. त्यामुळे जन्मतः बाह्य अवयव मुलीसारखे दिसतात, पण वयात येताना टेस्टोस्टेरॉन स्नायूंवर पुरेपूर काम करते. दोघींची गुणसूत्रे एक्स-वायच. मात्र पहिलीला त्या संप्रेरकाचा खेळात काडीचा उपयोग नाही, दुसरीला तो होतो. केवळ गुणसूत्र पाहून निवाडा करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. आज घरोघरी ऐकू येणारा पीसीओएस हा विकार या दोन्हींहून निराळा आहे. त्यातील संप्रेरकाची वाढ पुरुषांच्या पातळीच्या जवळपासही जात नाही, म्हणून त्या मुलींच्या आयांनी घाबरू नये.

देह एक आणि आतली जाणीव दुसरी असू शकते, हा विचार पश्चिमेकडून आला अशी समजूत आहे. आमच्या जैन कर्मग्रंथांत तो जुना आहे. तेथे 'वेद' हा शब्द लिंग या अर्थाने येतो. स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग केले आहेत. देहाची घडण ठरवणारा तो द्रव्यवेद, त्याचे कारण नामकर्म. मनातील भाव ठरवणारा तो भाववेद, त्याचे कारण मोहनीय कर्म. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाचे गुरू नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी दहाव्या शतकात 'गोम्मटसार' रचला. हे दोन्ही वेद बहुधा एकसारखे असतात, पण काही ठिकाणी विषम असतात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी येथे धर्मोपदेश करत नाही. दोन गोष्टींना दोन शब्द ठेवण्याची ती शिस्त आजच्या वादात फार उपयोगी पडते, एवढेच म्हणायचे आहे. माणूस स्वतःला कोण मानतो हा भावाचा प्रश्न आहे. कोणत्या गटात धावावे हा द्रव्याचा, म्हणजे देहाचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने दुसरा सुटत नाही, आणि दुसऱ्याच्या उत्तराने पहिल्याचा निकाल लागत नाही.

आता क्रीडासंस्थांनी हे कसे हाताळले ते पाहू. १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळापुढे विवस्त्र उभे राहावे लागले. त्यावर ओरड झाली, तेव्हा १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून गालाच्या आतील पेशी घेऊन गुणसूत्रे पाहण्याची पद्धत आली. स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो ही १९८५ साली जपानमधील कोबे येथे या चाचणीत 'नापास' झाली. तिला वर सांगितलेली संपूर्ण असंवेदनशीलता होती, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा लाभ शून्य. दुखापतीचे निमित्त सांगून गुपचूप बाजूला हो, असा सल्ला तिला मिळाला. तिने तो मानला नाही. बातमी फुटली, शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, ठरलेले लग्न मोडले. झगडून १९८८ साली तिने खेळण्याचा हक्क परत मिळवला. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ स्त्री खेळाडूंची तपासणी झाली. आठजणींत वाय गुणसूत्रावरचे जनुक सापडले, आणि सर्व आठजणींना खेळू दिले गेले. पुढे १९९९ साली ऑलिम्पिक समितीने ही सरसकट चाचणी बंद केली.

चाचणी बंद झाली तरी संशय बंद झाला नाही. २००६ साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. चाचणी झाली, पदक काढून घेतले गेले. ही बातमी तिच्या घरच्यांना आणि गावाला टीव्हीवरून कळली. गरीब मजूर घरातली ती मुलगी. तिने जीव देण्याचा प्रयत्न केला, पुढे काही काळ वीटभट्टीवर राबली. नंतर राज्य सरकारने तिला प्रशिक्षकपद दिले, पण पदक परत मिळाले नाही. शांती पारलिंगी नव्हती. तिने कोणाला फसवले नव्हते. नियम चूक की बरोबर हा वाद बाजूला ठेवला, तरी तो ज्या रीतीने तिच्यावर चालवला गेला ती रीत निर्दय होती.

ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून असेच वगळले गेले. तिचे वय तेव्हा अठरा. तिने मात्र स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे दाद मागितली. जुलै २०१५मध्ये लवादाने टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा नियम स्थगित केला. अशा स्त्रियांना नेमका किती फायदा होतो, हे पुराव्याने दाखवा, असे लवादाने जागतिक संघटनेला सांगितले. द्युती परत धावली आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदके आणली. संघटनेने त्याच वर्षी ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींसाठी नवा नियम केला. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याने त्याला आव्हान दिले. १ मे २०१९ रोजी लवादाने तो नियम भेदभावाचा आहे हे मान्य करूनही स्त्रियांच्या गटाच्या रक्षणासाठी आवश्यक म्हणून कायम ठेवला. ज्या अभ्यासावर संघटनेची बरीच भिस्त होती, त्यातील निष्कर्ष कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत, असे त्याच्या लेखकांनीच २०२१ साली दुरुस्तीत नमूद केले. जुलै २०२५मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सेमेन्याला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय दिला.

आता पारलिंगी खेळाडूंकडे वळू. त्यांची गोष्टही जुनी आहे. अमेरिकेतील रेने रिचर्ड्स या नेत्रशल्यचिकित्सक. त्यांनी १९७७ साली न्यायालयाचा आदेश मिळवून यूएस ओपनमध्ये स्त्रियांच्या गटात टेनिस खेळले. एकेरीत त्या पहिल्याच फेरीत हरल्या, दुहेरीत अंतिम फेरीत पोहोचल्या. २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकला न्यूझीलंडच्या लॉरेल हबर्ड वेटलिफ्टिंगमध्ये उतरल्या आणि एकही वजन यशस्वी न उचलता बाद झाल्या. मार्च २०२२मध्ये अमेरिकेच्या लिया थॉमस यांनी विद्यापीठीय स्पर्धेत ५०० यार्ड पोहण्याची शर्यत जिंकली. त्याच स्पर्धेत २०० यार्डांत त्या बरोबरीत पाचव्या आणि १०० यार्डांत आठव्या आल्या. म्हणजे एकाच माणसाच्या निकालातून दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा आकडा सापडतो. एका खेळाडूच्या जय-पराजयावरून नियम करू नये, तो याचसाठी.

नियमही सारखे बदलत गेले. २००४ साली ऑलिम्पिक समितीने शस्त्रक्रिया आणि दोन वर्षे संप्रेरक उपचार अशी अट घातली. २०१५ साली शस्त्रक्रियेची अट गेली, आणि टेस्टोस्टेरॉन वर्षभर १० नॅनोमोलच्या खाली एवढे पुरेसे ठरले. २०२१ साली समितीने हा विषय प्रत्येक खेळाच्या संघटनेवर सोपवला. त्यानंतर जलतरण (२०२२), ॲथलेटिक्स आणि सायकलिंग (२०२३) या संघटनांनी पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय स्त्री गटातून वगळले. नोव्हेंबर २०२३मध्ये क्रिकेटच्या आयसीसीनेही तेच केले. माजी कसोटीपटू संजय बांगर यांची कन्या अनया हिने या नियमाविषयी उघडपणे आपली बाजू मांडली आहे, तेव्हा मराठी घरालाही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५पासून जागतिक ॲथलेटिक्सने स्त्री गटासाठी एसआरवाय या जनुकाची एकदाच करायची चाचणी आणली. संपूर्ण असंवेदनशीलता असलेल्यांना त्यात सूट ठेवली, म्हणजे पातिन्योच्या कहाणीतून काही धडा घेतला गेला. तरीही १९९० साली हे जनुक शोधणाऱ्या चमूतील अँड्र्यू सिंक्लेअर यांनी या चाचणीला विरोध केला आहे. जनुक आहे एवढ्यावरून ते देहात काम करते की नाही हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

उपचारानंतर पुरुषी फायदा उरतो का? हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते. स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद वर्षभरात सुमारे पाच टक्केच उतरते, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण सांगते. अमेरिकी हवाई दलाच्या नोंदींवरील २०२०च्या अभ्यासात दोन वर्षांच्या उपचारांनंतर जोर-बैठकांतील आघाडी नाहीशी झाली, धावण्यात मात्र सुमारे बारा टक्के उरली. ऑलिम्पिक समितीच्या मदतीने झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पारलिंगी स्त्रियांची हाताची पकड इतर स्त्रियांहून जोरकस, पण उडी कमी आढळली. खेळ बदलला की फायद्याचे मापही बदलते.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मी आपल्यापुढे ठेवतो. एक बाजू म्हणते की अशा खेळाडूंची संख्या नगण्य आहे. अमेरिकेच्या विद्यापीठीय क्रीडासंस्थेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४मध्ये ५,१०,००० खेळाडूंत दहाहूनही कमी, असा आकडा सिनेटपुढे सांगितला होता. एवढ्या थोड्यांसाठी एवढा गदारोळ का? शिवाय उंची, लांब हात, डोंगरावरचा जन्म असे नैसर्गिक फायदे आपण चालवून घेतोच. दुसरी बाजू म्हणते की अंतिम फेरीत जागा आठच असतात. एक आत आली की एक बाहेर जाते, आणि बाहेर जाणारीलाही वर्षानुवर्षांचा घाम गाळावा लागलेला असतो. उंचीप्रमाणे गट पाडलेले नाहीत, लिंगाप्रमाणे पाडले आहेत, आणि ते नेमक्या याच फायद्यासाठी.

माझे मत विचाराल तर सांगतो. आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय पातळीवर, जेथे पदकावर पोट अवलंबून आहे, तेथे पुरुष म्हणून वयात आलेल्या देहासाठी स्त्री गटाबाहेर रेषा आखणे मला न्याय्य वाटते. ते सांगताना त्या व्यक्तीचे स्त्री असणे नाकारण्याचे काही कारण नाही. २०१४च्या नाल्सा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. तो घरात, शाळेत, कचेरीत, रस्त्यावर पूर्ण मिळालाच पाहिजे. आपल्या सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत जोगप्पांच्या पाया पडणारे आपणच, उद्या त्यांना वर्गात आणि कामावर जागा नाकारू लागलो, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही. आंतरलिंगी स्त्रियांची गोष्ट मात्र निराळी मानावी. त्या जन्मापासून स्त्री म्हणूनच वाढल्या. त्यांच्या बाबतीत सरसकट जनुक न पाहता प्रत्यक्ष देहाला लाभ होतो का, हे तज्ज्ञांनी एकेकीपुरते पाहावे. शाळेच्या आणि गल्लीच्या खेळांत तर कोणतीच चाचणी नको. तेथे मुलांनी खेळणे हेच महत्त्वाचे.

रेषा आखली की सुक्याबरोबर ओलेही जळण्याची भीती असते. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अल्जीरियाची मुष्टियोद्धा इमान खेलीफ हिला जगभर पुरुष म्हटले गेले. ती मुलगी म्हणून जन्मली आणि वाढली, हे पारलिंगीपणाचे प्रकरण नाही, असे ऑलिम्पिक समितीने स्पष्ट सांगितले, तरी ओरड थांबली नाही. हेच उद्या आपल्या तालुक्याच्या मैदानावर घडू शकते. उसाच्या फडात, वीटभट्टीवर वाढलेली, केस बारीक कापलेली, आवाज जाड असलेली एखादी मुलगी पहिली आली, की हरलेल्या बाजूचा कोणीतरी म्हणतो, "ही मुलगी आहे का बघा जरा."

वाचकहो, त्या क्षणी तेथे आपण असाल. कदाचित शिक्षक, पंच, पालक किंवा संस्थेचे पदाधिकारी म्हणून असाल. तेव्हा एवढे करा. हे बोलणे तेथेच थांबवा. मोबाईलवर पुढे जाऊ देऊ नका. कोणाही क्रीडाशिक्षकाला किंवा शिक्षिकेला त्या मुलीला खोलीत नेऊन 'पाहू' देऊ नका. पाळी आली नसेल किंवा प्रकृतीची खरीच काही शंका असेल, तर ती फक्त तिच्या आईला सांगा आणि योग्य तज्ज्ञाकडे जाण्यास सांगा. तेथला अहवाल तिचा, दुसऱ्या कोणाचा नाही. तिने मिळवलेले प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी, सर्वांसमोर, तिच्या हाती द्या.